फिर्यादीनंतर : पोलीस यंत्रणेतील पीडित सहाय्य आणि यवतमाळ जिल्हा

गुन्हा घडल्यावर पोलिसांची कामे ठरलेली असतात. फिर्याद नोंदवायची, पंचनामा करायचा, पुरावा जमवायचा, आरोपीला अटक करायची आणि न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करायचे. या साऱ्या कामाचे तोंड आरोपीकडे असते. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्यापुढचे प्रश्न वेगळे असतात. आजची रात्र कुठे काढायची, दवाखान्यात सोबत कोण येणार, घरी परतल्यावर पुन्हा मारहाण झाली तर काय करायचे, कोर्टाच्या तारखा कोण कळवणार, या प्रश्नांना पंचनाम्यात जागा नसते. त्यांची उत्तरे देण्यासाठी पोलीस यंत्रणेच्या आत किंवा तिला लागून ज्या सेवा उभ्या केल्या जातात, त्या पोलीस-आधारित पीडित सहाय्य सेवा होत. समुपदेशन, वैद्यकीय मदत, तात्पुरता निवारा, कायदेशीर सल्ला, नुकसानभरपाईचा प्रस्ताव आणि खटल्याची माहिती एवढा त्यांचा आवाका असतो.

या सेवा पोलिसांजवळच असण्यामागे साधे कारण आहे. बहुतेक पीडित मदतीसाठी पहिल्यांदा पोलीस ठाण्याचीच पायरी चढतात, आणि पहिल्या काही तासांत मिळालेल्या वागणुकीवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ठाण्यात खेकसून बोलले गेले तर फिर्याद अर्ध्यावर राहते, वैद्यकीय तपासणी लांबते, साक्षीदार मागे हटतात. पीडिताला दिलेला आधार हा दयेचा विषय असतो, तसाच तो तपासाच्या गुणवत्तेचाही विषय असतो.

विदर्भातून सुरू झालेला प्रश्न

पीडिताशी पोलीस यंत्रणेने कसे वागावे हा प्रश्न देशापुढे ठळकपणे आला तो विदर्भातील एका घटनेने. 26 मार्च 1972 रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तक्रारीच्या निमित्ताने आणलेल्या एका आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पुन्हा निर्दोष मुक्तता केली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराची वेगळी दखल घेतली गेली आणि पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला. त्याच वर्षी पती आणि सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी भारतीय दंड संहितेत कलम 498 अ आले.

कायदा झाला, तरी ठाण्यात येणाऱ्या बाईचे ऐकून घेणारे माणूस तिथे नव्हते. ही उणीव भरून काढणारा प्रयोग 1984 मध्ये मुंबईत सुरू झाला. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. कक्ष पोलिसांच्या आवारात, पण त्यात बसणारे कर्मचारी समाजकार्याचे शिक्षण घेतलेले, अशी त्याची रचना होती. पोलिसांचा दरारा आणि अधिकार हाताशी राहावा, मात्र समोरच्या बाईला गणवेशाची भीती वाटू नये, हा त्यामागचा विचार. पुढे हे कक्ष मुंबईबाहेर गेले, राज्य शासनाने ते आपल्या यंत्रणेत घेतले आणि आज ते जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

देशात आणि जगात इतरत्र याच सुमारास वेगवेगळ्या वाटा शोधल्या जात होत्या. केरळमध्ये कोझिकोड येथे 1973 मध्येच देशातील पहिले महिला पोलीस ठाणे उघडले होते. ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात 1985 मध्ये महिलांसाठी स्वतंत्र पोलीस ठाणे सुरू झाले. 29 नोव्हेंबर 1985 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने गुन्ह्यांच्या पीडितांना न्याय मिळण्याविषयीची मूलतत्त्वे स्वीकारली. सन्मानाची वागणूक, खटल्याची माहिती, भरपाई आणि मदत हे हक्क त्यात मांडलेले आहेत. महिला ठाण्याच्या वाटेत पोलीस बदलतात. मुंबईच्या वाटेत पोलिसांशेजारी दुसऱ्या पेशाचा माणूस बसतो. महाराष्ट्राने मुख्यतः दुसरी वाट धरली.

जिल्ह्याची ठेवण

यवतमाळ जिल्हा सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा आणि 16 तालुक्यांचा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 27 लाख 72 हजारांवर आहे. जिल्ह्याचे मुख्यालय यवतमाळ. पूर्वेला वणी आणि दक्षिणेला उमरखेड इथून शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. झरी जामणी आणि केळापूर तालुक्यांना तेलंगणाची सीमा लागते आणि पांढरकवड्यावरून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो. गोंड, कोलाम, परधान, आंध या आदिवासी समाजांची आणि बंजारा समाजाची येथे मोठी वस्ती आहे. त्यांपैकी कोलाम हा केंद्राने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणलेला समाज आहे. कोलामी, गोंडी आणि गोरमाटी या बोली घराघरांत बोलल्या जातात.

ही ठेवण सेवांवर थेट परिणाम करते. खास कक्ष, निवारा आणि समुपदेशक मुख्यत्वे जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, तर पीडित तालुक्याच्या टोकाच्या कोलामांच्या पोडावर किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावर असतो. त्यामुळे खेड्यातील माणसाच्या दृष्टीने पोलीस म्हणजे आधी गावचा पोलीस पाटील, मग बीट अंमलदार आणि शेवटी ठाणेदार. विदर्भात पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आजही ठाणेदारच म्हणतात. पोलीस पाटलाचे पद 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने बांधलेले आहे. गावातील गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे हे त्याचे कर्तव्य असल्याने, मदतीच्या साखळीतली पहिली कडी बहुधा तोच ठरतो.

झरी जामणी, मारेगाव आणि केळापूर भागांतील कुमारी मातांचा प्रश्न या साखळीची कसोटी पाहणारा आहे. बाहेरून आलेल्या पुरुषांनी लग्नाचे आमिष दाखवून आदिवासी मुलींना फसवल्याची प्रकरणे येथून वर्षानुवर्षे पुढे येत आली आहेत. यात मुलगी अल्पवयीन असेल तर तिची संमती कायद्याने संमतीच ठरत नाही. सज्ञान असली तरी लग्नाचे खोटे वचन देऊन ठेवलेल्या संबंधांसाठी, दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 मध्ये दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरीही तिला फिर्यादीइतकीच गरज असते ती प्रसूतीची, बाळाच्या जन्मदाखल्याची आणि पोटापाण्याची. एकट्या तपास अधिकाऱ्याकडून हे होणारे नसते.

दाराशी : 112 आणि पोलीस ठाणे

तातडीच्या मदतीसाठी 112 हा एकच क्रमांक आहे. महाराष्ट्रात तो 2021 पासून सुरू झाला. फोन आल्यावर जवळच्या पोलीस वाहनाला निरोप जातो. याशिवाय महिलांसाठी 181, बालकांसाठी 1098, ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 हे क्रमांक आहेत. ऑनलाइन पैसे गेल्यास पहिले काही तास मोलाचे. 1930 वर लगेच कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते.

ठाण्यात आल्यावर पीडिताचे हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ठरवले आहेत. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. सीमेवरच्या तालुक्यांसाठी ही तरतूद फार उपयोगाची आहे. आदिलाबादकडे घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद पांढरकवड्यात देता येते आणि ती नंतर योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळते.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. बलात्कारासारख्या काही गुन्ह्यांत फिर्याद घेण्यास नकार देणाऱ्या लोकसेवकालाच किमान सहा महिन्यांच्या शिक्षेची तरतूद आहे.

लैंगिक गुन्ह्यांची खबर महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर तिच्या घरी जाऊन, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने, चित्रीकरणासह ती घ्यायची असते. स्त्रिया, 15 वर्षांखालील मुले आणि 60 वर्षांवरील व्यक्ती यांना जबाबासाठी घराबाहेर बोलावता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेनेच तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक केले आहे. पूर्वी यासाठी ठाण्यात खेटे घालावे लागत.

महिलांच्या सुरक्षेसाठीच्या केंद्राच्या निर्भया निधीतून देशभरातील पोलीस ठाण्यांमध्ये महिला मदत कक्षही उभे केले गेले. ठाण्याच्या दाराजवळ एक टेबल, एक महिला कर्मचारी आणि पुढच्या सेवांची यादी एवढेच त्याचे स्वरूप. आलेल्या बाईला कुठे पाठवायचे हे तिथे कळणे हाच त्याचा मुख्य उपयोग आहे.

विशेष कक्षाची कामाची रीत

विशेष कक्षाकडे येणाऱ्या तक्रारींत नवऱ्याची मारहाण, दारू, संशय, हुंडा, घरातून हाकलणे, मुले हिसकावून घेणे या गोष्टी वारंवार दिसतात. काम एका क्रमाने चालते. आधी बाईचे म्हणणे तिच्या शब्दांत, मध्ये न तोडता ऐकले जाते. मग तिच्या जिवाला असलेला धोका जोखला जातो. धोका असेल तर निवारा किंवा माहेर, जखम असेल तर दवाखाना, गुन्हा घडला असेल तर फिर्याद हे लगेच करायचे असते. त्यानंतर तिला काय हवे आहे ते विचारले जाते आणि प्रत्येक वाटेचे परिणाम समजावले जातात. नवऱ्याला बोलावून संयुक्त बैठक घेतली जाते ती तिची इच्छा असेल तरच. स्त्रीधन परत मिळवताना किंवा कुलूप घातलेल्या घरात प्रवेश करताना पोलीस सोबत दिले जातात. प्रकरण मिटल्यासारखे वाटले तरी पाठपुरावा सुरू राहतो.

समुपदेशन आणि समझोता यांत गल्लत होते ती इथेच. खेड्यात अशी भांडणे आधी जातपंचायतीत, नातलगांच्या बैठकीत किंवा तंटामुक्ती समितीत जातात. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली आणि बांधाचे, वाटणीचे अनेक वाद तिने गावातच मिटवले. पण बांधाच्या वादात दोन्ही बाजूंनी थोडे सोडायचे असते. मारहाणीत बाईने काय सोडायचे, याला उत्तर नसते. ‘पुन्हा असे करणार नाही’ असे लिहून घेऊन तिला नांदायला पाठवणे हा समझोता झाला. समुपदेशनाचा पाया हा की हिंसा थांबवण्यावर कोणतीही तडजोड नाही. नांदायचे की वेगळे व्हायचे हे त्यानंतर आणि तिनेच ठरवायचे.

या कामाला बळ मिळाले ते कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 मुळे. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. पोलिसांकडे आलेल्या पीडित महिलेला संरक्षण अधिकारी, सेवा पुरवठादार संस्था आणि मोफत विधी सेवा यांची माहिती देणे हे कलम 5 नुसार पोलिसांचे कर्तव्य आहे. संरक्षण अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल भरून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो. न्यायालय संरक्षणाचा, त्याच घरात राहण्याचा, निर्वाहखर्चाचा आणि मुलांच्या ताब्याचा आदेश देऊ शकते. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत लागावा, असे कायदा म्हणतो. हा मार्ग दिवाणी स्वरूपाचा आहे. नवऱ्याला तुरुंगात न पाठवता मारहाण थांबवायची आणि डोक्यावरचे छप्पर टिकवायचे असे ज्या बाईला वाटते, तिच्यासाठी तो आहे. संरक्षण आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

भरोसा सेल आणि सखी केंद्र

वेगवेगळ्या खिडक्यांवर फिरावे लागू नये म्हणून दोन योजना आल्या. नागपूर शहर पोलिसांनी जानेवारी 2017 मध्ये भरोसा सेल सुरू केला. पोलीस, समुपदेशक, विधिज्ञ आणि संरक्षण अधिकारी यांना एका छताखाली आणण्याचा हा प्रयत्न होता. पुढे राज्यातील इतर शहरे आणि जिल्हा पोलीस दलांनीही तो नमुना स्वीकारला. भरोसा सेल पोलिसांचा असल्याने गुन्हा नोंदवण्याची पुढची पायरी जवळ असते.

दुसरी योजना केंद्राची. 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेली ही वन स्टॉप सेंटर योजना ‘सखी’ या नावाने ओळखली जाते. हे केंद्र महिला व बालविकास विभागाच्या देखरेखीखाली चालते. तिथे वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक मदतीबरोबर काही दिवसांचा तात्पुरता निवारा मिळतो. पोलीस ठाण्यात रात्री उशिरा आलेल्या बाईला ‘सकाळी ये’ असे सांगावे लागू नये, यासाठी या निवाऱ्याचे मोल आहे.

लैंगिक अत्याचार, बालके आणि दवाखाना

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मदतीचा मोठा भाग दवाखान्यात घडतो. पीडितेच्या संमतीने, खबर मिळाल्यापासून 24 तासांत तिला तपासणीसाठी पाठवावे लागते आणि डॉक्टरांनी सात दिवसांत अहवाल द्यायचा असतो. उपचार मोफत आणि तत्काळ देणे सरकारी तसेच खासगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे. तसे न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे जिल्ह्यातले मोठे रुग्णालय आहे.

ही तपासणी कशी करू नये याविषयीचा महत्त्वाचा आवाज शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून उठला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 मध्ये अशा तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल लिहिला. अवमानकारक ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये नाकारली आणि 2022 मध्ये ती करणे म्हणजे गैरवर्तन, असे बजावले.

पीडित 18 वर्षांखालील असेल तर बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा, 2012 लागू होतो. गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती कळवायलाच हवी. पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. बालकाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. 2020 च्या नियमांनुसार समिती त्याच्यासाठी एक सहायक व्यक्ती नेमू शकते. तपासापासून खटल्यापर्यंत ती सोबत राहते. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी कायद्यातच दुभाष्याची सोय आहे, कारण भीतीच्या क्षणी मूल घरच्या बोलीतच बोलते.

अत्याचार प्रतिबंधक कायदा

अनुसूचित जाती आणि जमातींवरील अत्याचारांसाठी 1989 चा कायदा आहे. त्याच्या 1995 च्या नियमांनुसार तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. 2015 च्या दुरुस्तीने त्यात कलम 15 अ आले. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च, पुनर्वसन आणि प्रत्येक सुनावणीची पूर्वसूचना हे त्यांचे हक्क म्हणून लिहिले गेले. अर्थसहाय्य गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ठरते. 2016 च्या नियमांत ते 85 हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत ठेवले आणि टप्प्यांत वाटले. बहुतेक गुन्ह्यांत काही रक्कम एफआयआरनंतर, काही दोषारोपपत्रानंतर आणि उरलेली शिक्षेनंतर मिळते. निकालाची वाट न पाहता पहिला हप्ता मिळतो, यामुळे गावात बहिष्कृत झालेल्या कुटुंबाला तग धरता येतो. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये गणला जात असल्याने या कायद्याचे संरक्षण त्याला लागू होत नाही, हे या जिल्ह्यात लक्षात ठेवावे लागते.

भरपाई

पीडिताला राज्याने भरपाई द्यावी हे तत्त्व फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357 अ म्हणून 31 डिसेंबर 2009 पासून लागू झाले. आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. आरोपी सापडला नाही किंवा सुटला, तरी भरपाई मागता येते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी महाराष्ट्राची ‘मनोधैर्य’ योजना ऑक्टोबर 2013 पासून आहे. सुरुवातीला कमाल रक्कम तीन लाख होती. डिसेंबर 2017 च्या सुधारणेने ती दहा लाखांवर गेली आणि निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आला. मंजूर रकमेतला मोठा वाटा मुदत ठेवीत ठेवला जातो, म्हणजे पैसा नातलगांच्या हाती संपत नाही. प्रस्तावाला एफआयआर, जबाब आणि वैद्यकीय कागद लागतात आणि ते ठाण्यातूनच जातात. त्यामुळे तपास अधिकारी हे काम किती तत्परतेने करतो यावर मदत वेळेत मिळणे अवलंबून असते.

महामार्गाच्या जिल्ह्यात आणखी एक पीडित दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे ठोकर मारून पळून गेलेल्या वाहनाचा बळी. 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात. वाहनाचा क्रमांक माहीत नाही म्हणून काही मिळणार नाही, असे समजून अनेक जण अर्जच करत नाहीत.

खटल्यापासून अपिलापर्यंत

दोषारोपपत्रानंतर पोलिसांची भूमिका कमी होते, पण पीडिताची भीती वाढते, कारण आरोपी बहुधा जामिनावर गावातच असतो. साक्षीदार संरक्षण योजना, 2018 सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केली. तिच्याखाली ओळख लपवणे, घराभोवती गस्त किंवा तात्पुरते स्थलांतर अशी मदत मागता येते. धोक्याचा अहवाल पोलीस देतात आणि निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते. पीडितेचे नाव छापणे किंवा समाजमाध्यमांवर टाकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. गावाचे, शाळेचे किंवा नात्याचे वर्णन करून ओळख सूचित करणेही त्यात मोडते. शे-दोनशे घरांच्या खेड्यात एवढे वर्णनही पुरेसे ठरते.

सरकारने खटला मागे घ्यायचे ठरवले तर न्यायालयाने आधी पीडिताचे म्हणणे ऐकावे लागते. आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर पीडित स्वतः अपील करू शकतो. त्यासाठी सरकारच्या निर्णयावर अवलंबून राहावे लागत नाही. मोफत वकील यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून किंवा तालुका विधी सेवा समितीकडून मिळतो; स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.